गणित सोडू का? आणि नर्व्हचा सिग्नल अंतराळात फास्ट होतो का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. विषय निवडायची वेळ आलीय, बायो आवडतं, अंतराळाचंही वेड आहे, घरचे म्हणतायत एक काहीतरी धर, आणि गणित नको वाटतं म्हणून ते सोडलं तर चालेल का असं विचारतोयस. खाली ता. क. टाकलायस की शरीरातला सिग्नल विजेचा असतो तर तो प्रकाशाच्या वेगाने जात असेल ना, मग अंतराळात हवा नाही तर अजून फास्ट होतो का. खरं सांगू, मला तो ता. क.च जास्त आवडला.

नर्व्ह, म्हणजे चेतातंतू, ही तांब्याची वायर नाही रे. चेतापेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात, ती उघडली की सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं, तिथला व्होल्टेज बदलला की शेजारची दारं उघडतात, असं करत करत सिग्नल पुढे सरकतो. उभ्या केलेल्या पत्त्यांसारखं, फक्त इथला पत्ता पडून लगेच परत उभा राहतो. म्हणून सगळ्यात फास्ट नर्व्हसुद्धा सेकंदाला 120 मीटरच्या आसपास, आणि दुखणं नेणारे संथ तंतू जेमतेम 1 मीटर. पायाला ठेच लागली की आधी चटका बसतो आणि जरा वेळाने ती ठणकणारी कळ येते ना, ती याच्यामुळे. चंद्रापर्यंत रेडिओ सिग्नल 1.3 सेकंदात जातो, सगळ्यात फास्ट नर्व्हच्या वेगाने गेला तर 37 दिवस लागतील, भागाकार करून बघ.

आणि अंतराळवीराची नर्व्ह काही बाहेरच्या पोकळीत लोंबकळत नसते, ती त्याच्या शरीरातल्या खारट पाण्यातच असते, त्यामुळे सिग्नल तसाच पळतो. गडबड होते ती कानात. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, डोकं कलतं तसे ते वजनाने सरकतात आणि मेंदूला वर-खाली कळतं. अंतराळात वजनच जाणवत नाही, मग डोळे एक सांगतात, कान दुसरंच, आणि पहिले काही दिवस कित्येकांना मळमळतं. 1998 मध्ये कोलंबिया यानातून न्यूरोलॅब नावाची 16 दिवसांची मोहीम गेली ती मज्जासंस्थेच्याच अभ्यासासाठी.

आता गणिताचं. नर्व्हचा सिग्नल कसा पळतो ते शोधणाऱ्यांपैकी एक, अँड्र्यू हक्सली, आधी इंजिनिअर व्हायला निघाला होता, जादा विषय म्हणून फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र, घेतलं आणि तिथेच रमला. त्याने आणि त्याचा सहकारी हॉजकिनने स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नर्व्हवर प्रयोग करून सिग्नलची समीकरणं मांडली, कॉम्प्युटर मिळेना म्हणून हक्सली हाताने फिरवायच्या मशीनवर आकडेमोड करत बसला. 1952 ला पेपर आले, 1963 ला नोबेल. दोघांपैकी कुणाचंही गणित कच्चं असतं तर हे झालं नसतं.

तेव्हा बायो आणि गणित दोन्ही ठेव, गणित आवडत नसलं तरी. पुढे न्यूरोसायन्स, फिजिऑलॉजी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, तिन्ही दारं उघडी राहतात. अंतराळवीर व्हायचंय म्हणून मात्र काही निवडू नकोस, जागा फारच थोड्या, पण त्यांच्यावर प्रयोग करणारी, त्यांच्यासाठी उपकरणं बनवणारी माणसं कितीतरी लागतात.

घरच्यांना पटवायचं तर त्यांच्यासमोर एक कर. कुणालातरी पट्टी उभी धरून न सांगता सोडायला लाव, तू बोटांनी पकड. 20 सेंटिमीटर खाली गेली म्हणजे डोळा ते बोट 0.2 सेकंद गेले. पट्टीवरून सेकंद काढायला गणितच लागतं. आणि हो, हा प्रयोग स्पेस स्टेशनवर करता येत नाही, तिथे पट्टी सोडली तरी हातापाशीच तरंगत राहते.