कोयकलम बांधायला हाताला गुण लागतो का?

तुम्ही लिहिलंय, जुलैत हापूसची दहा कोयकलमं (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसच्या फांदीची काडी) बांधली, दहाही काळी पडली, आणि शेजारचे आजोबा म्हणतात ‘हाताला गुण लागतो’, तर हे खरं का. गुणबिण काही नसतं हो. काडी चुकली असणार.

एवढं ठासून सांगते, कारण आमच्या राजापूरच्या घरात हेच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय, तेही ‘बाईमाणसाच्या हाताला कलम धरत नाही’ असं. म्हणणारे आमचे काका. स्वतः त्यांनी एकही बांधलेलं नाही.

2004 साली बारावी झाली आणि पावसाळ्यात मी घरी रिकामी होते. पडवीत बसून रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, रोपांवर हापूसची बारा कलमं बांधली. रोपं पंधरा दिवसांची, पानं अजून तांबूस. (पान हिरवं झालेलं रोप घेऊ नका, खोड निबर होतं.) दाढीचं नवं ब्लेड, चार-पाच सेंटिमीटरची खाच, काडीला तेवढीच पाचर, वर प्लॅस्टिकची पट्टी. काडीवर टोपीसारख्या घालायला पेप्सीकोल्याच्या रिकाम्या पिशव्या. त्या धाकट्या भावाने चोखून पुरवल्या, त्याला सर्दी झाली, बोलणी मी खाल्ली. बारातली सात फुटली. काका म्हणाले, नशीब.

त्यातलं एक पुढच्या पावसाळ्यात विहिरीकडेला लावलं आणि मी मुंबईला आले. काकांनी गुरं तिकडेच सोडली. गणपतीला गेले तर शेंडा खाल्लेला, माझी काडी वाळून कोळ झालेली, पट्टी अजून तिच्या मानेला, आणि जोडाच्या बोटभर खालून खुंटाची, म्हणजे खालच्या रायवळ रोपाची, फूट जोमात. तीच फूट आधी खुडायची असते. मी काकांना हाताला धरून नेलं आणि दाखवलं, हा रायवळ वाढतोय, काढून टाका. ते म्हणाले, ‘पान बघ, हापूसच आहे. तू चहाचं बघ.’

मग आठ वर्षं त्या रायवळाला हापूस म्हणून शेणखत! पहिला आंबा काकांनी सगळ्यांसमोर कापायला घेतला, सुरी दोऱ्यांत अडकली. आंबट ढोण. भर अंगणात म्हणाले, ‘मी काय सांगितलं होतं? बाईमाणसाचा हात.’

तर तुमची काडी. तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची, देठ ठेवायचे. बोट लावल्यावर देठ गळाले की काडी तयार. पानं त्याच दिवशी ओरबाडून बांधलीत, तर दहातली दहा जाणारच. कुठून, कधी आणलीत ते तुम्ही लिहिलंच नाहीत. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवा. बाकी, पाऊस थेट लागेल अशा जागी कलमांच्या पिशव्या ठेवल्या असतील तर जोडात पाणी शिरून काळं पडतं, तेही बघा.

काजूला हीच पाचर, फक्त रोप दीड-दोन महिन्यांचं. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जातींची कलमं मी अशीच बांधलीत आणि ती काकांच्याच परड्यात उभी आहेत. वेंगुर्ला-7 ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. ओल्या काजूची उसळ करताना त्यांना माझा हात आठवत नाही.

आता खरं सांगायचं तर ती पट्टी मी दोन-तीन महिन्यांत सोडायला हवी होती. मुंबईच्या नादात तशीच ठेवून गेले. पट्टी सालीत रुतली की काडीचा गळा आवळला जातो, तेव्हा सगळं गाईवर ढकलता येणार नाही. काकांना हे मी सांगितलेलं नाही.

झाड अजून आहे. वहिनी त्या बिटक्यांचं (छोट्या रायवळ आंब्यांचं) सासव, म्हणजे मोहरी लावलेली आमटी, करते, पाहुणे मागून खातात, आणि काका त्यांना सांगतात, हा रायवळ मी मुद्दाम राखला.