बाबेलवर लिहू पाहणाऱ्यास

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबेल, म्हणजे आजच्या इराकमधले प्राचीन बॅबिलोन, या नगरावरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत जागोजागी दिसते. परंतु पहिल्याच परिच्छेदात हे नगर एका रात्रीत ओसाड झाले असे तू लिहिले आहेस, आणि ते तसे घडलेले नाही. इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेश (सायरस) राजाचे इराणी सैन्य नगरात शिरले तेव्हा, बाबेलमधल्याच इतिवृत्तानुसार, वेशीवर लढाईसुद्धा झाली नाही. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, इ. स. पू. ३२३ मध्ये, अलेक्झांडर तिथल्याच राजवाड्यात वारला. पुढे जवळच सेल्यूकिया नावाचे नवे शहर वसले, वस्ती तिकडे सरकत गेली आणि फरात नदीकाठचे जुने नगर हळूहळू विझले. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातले ओसाड बाबेल हे संदेष्ट्याच्या वाणीतले नगर आहे. उत्खननातले नगर वेगळे. तुझ्या लेखात ही दोन्ही एकमेकांत मिसळली आहेत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

याचा अर्थ शास्त्रातले वर्णन हवेतले आहे असा मात्र घेऊ नकोस. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, ११व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्यांनी दगडाऐवजी विटा आणि चुन्याऐवजी डांबर वापरल्याचे सांगितले आहे. हे ज्याने लिहिले, त्याला त्या सखल, गाळाच्या प्रदेशातले बांधकाम ठाऊक होते. १८९९ पासून रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने तिथे खोदकाम केले, तेव्हा डांबरात बसवलेल्या आणि बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या नावाचा ठसा मारलेल्या विटा ढिगांनी निघाल्या. (विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सद्दाम हुसेनने त्याच पायावर भिंती उभारल्या आणि विटांवर स्वतःचे नाव कोरून घेतले. हा मोह किती जुना आहे, ते पाहा.) नावाचेही तसेच. बाबेलकर आपल्या नगराचा अर्थ ‘देवाचे द्वार’ असा लावत. हिब्रू लेखकाने ‘बालल’, म्हणजे गोंधळ करणे, या शब्दाशी त्याची सांगड घातली. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण जेत्यांच्या राजधानीवर केलेली कोटी म्हणून ती फार बोचरी आहे.

तुझ्या लेखात मला सर्वांत उणीव भासली ती बंदिवानांची. इ. स. पू. ५९७ मध्ये यहूदा या यहुद्यांच्या राज्याचा राजा यहोयाखीन याला पकडून बाबेलला नेले, एवढे एका ओळीत सांगून तू पुढे गेलास. त्याच बाबेलच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. कोठारातून कोणाला किती शिधा दिला, याचा तो कारकुनी हिशेब आहे, आणि त्यात यहूदाचा राजा म्हणून यहोयाखीनच्या नावावर, तसेच त्याच्या पाच मुलांच्या नावावर, तेलाची नोंद आहे. सिंहासन गेले, पण राजा ही पदवी शत्रूच्या खतावणीत शिल्लक राहिली. यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातल्या पत्रात याच लोकांना घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराचे हित चिंता असे सांगतो. कित्येकांनी ते इतके मनावर घेतले की कोरेशाने परतण्याची मुभा दिल्यावरही ते तिथेच राहिले. १८६७ मध्ये पूर्ण झालेले पुण्यातले लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, ज्यांनी बांधायला घेतले ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे, आणि बगदादी यहुदी आपली परंपरा त्या बंदिवासापर्यंत नेऊन भिडवतात.

प्रतीकाचा भाग तू बरा लिहिला आहेस, फक्त क्रम सुधार. प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक लिहिले गेले तोवर खऱ्या बाबेलचा दरारा कधीच सरला होता. म्हणूनच ते नाव दुसऱ्याला द्यायला मोकळे झाले. १७व्या अध्यायातली स्त्री सात डोंगरांवर बसली आहे, आणि सात टेकड्यांचे शहर म्हणजे रोम, हे त्या काळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. यरुशलेमेचे मंदिर आधी बाबेलने पाडले आणि इ. स. ७० मध्ये रोमने. साम्य तिथे आहे. ऐषारामाची वर्णने त्यानंतर येऊ देत.

दुसरा खर्डा तेलाच्या त्या नोंदीपासून सुरू करून पाहा. आणि दानीएलच्या पुस्तकाआधारे बेलशस्सरला नबुखद्नेस्सरचा मुलगा म्हटले आहेस, तिथे एक वाक्य वाढव: बाबेलच्या पाट्यांनुसार तो नबोनिदस राजाचा मुलगा होता आणि बाप अरबस्तानात असताना राज्यकारभार पाहत होता. खर्डा हाताने लिहिलेला असला तरी चालेल, फक्त समास मोठा सोड.

तुझा,
एक जुना शिक्षक