तलावातला गळ, खाडीतला गळ

प्रश्न : तलावाकाठी रोहू-कटल्यासाठी गळ टाकण्याची मला सवय आहे. आता वर्सोव्याच्या खाडीवर जायचे आहे. काय बदलावे लागेल? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : सर्वांत मोठा फरक भरती-ओहोटीचा आहे. तलावात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे गळ किती खोल सोडावा हे कळले की निम्मे काम होते. खाडीत मात्र सुमारे सहा तासांनी पाण्याची दिशा बदलते आणि मासाही त्या ओढीबरोबर फिरतो, म्हणून निघण्यापूर्वी तिथी अवश्य पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोरीला वजन म्हणून बांधलेले हलके शिसे तळाशी ठरत नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या (म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, ओढ मंद असल्याने नवख्याने तेव्हाच सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. कणकेच्या गोळ्याऐवजी ताजी कोळंबी लावावी. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत राहणारा जिताडा लागल्यास त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड धारदार असते, बोटे जपावीत. घरी येताच रीळ गोड्या पाण्याने धुऊन सुकवावे, अन्यथा मिठाने ते गंजते. पावसाळ्यात खडकांवर मुळीच उभे राहू नये.