टिसॉट, लाँजिन्स की टॅग ह्यूअर: मालक कोण आणि मशीन कोणाचं

वडील साखर कारखान्यातून निवृत्त होतायत, त्यांना स्विस घड्याळ द्यायचंय आणि बजेट दीड लाख आहे. टिसॉट-लाँजिन्सचा मालक एकच, तर लाँजिन्सला जादा पैसे का मोजायचे? टॅग ह्यूअर 'स्वतंत्र कंपनी' म्हणून तेच घ्यावं का? आणि घरातल्या जुन्या फेवर ल्युबा घड्याळाचं काय करायचं? असे तुमचे प्रश्न आहेत. तुम्ही आपल्या सांगलीचेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओमेगा, लाँजिन्स, टिसॉट, राडो, ब्रेगे हे सगळे स्वॉच ग्रुपचे. कार्तिए, आयडब्ल्यूसी, पानेराय रिशमाँ या दुसऱ्या समूहाकडे. टॅग ह्यूअर मात्र स्वतंत्र नाही. १९९९ पासून ती लुई व्हितॉनवाल्या एलव्हीएमएचकडे आहे. कुठल्याच समूहात नसलेल्या मोठ्या नावांपैकी दोन म्हणजे रोलेक्स आणि पाटेक फिलिप. हान्स विल्सडॉर्फने १९४५ मध्ये स्थापन केलेला न्यास रोलेक्सचा मालक आहे, तर पाटेक १९३२ पासून स्टर्न घराण्याकडे आहे.

पण मालक बघून घड्याळ घेऊ नका, मशीन (घड्याळाची आतली यंत्रणा) बघा. जपानी क्वार्ट्झने (बॅटरीवरच्या घड्याळांनी) स्विस धंदा पार बसला, तेव्हा १९८३ मध्ये अडचणीतले दोन समूह एकत्र करून आजचा स्वॉच ग्रुप उभा राहिला. मशीन बनवणारा ईटीए हा कारखाना त्यांच्याच हातात आहे. टॅग ह्यूअर ज्याला कॅलिबर ५ म्हणते, त्यात कितीतरी वर्षं ईटीएचं २८२४-२, नाहीतर त्याच बांधणीचं सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं मशीन बसत आलंय. तेच २८२४-२ जुन्या टिसॉटमध्येही सापडतं. मागचं झाकण काढून भिंगातून बॅलन्स व्हीलच्या (सतत मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या) खाली बघा, प्लेटवर ईटीएची खूण आणि नंबर कोरलेला दिसतो. चांगला कारागीर हे मशीन डोळे झाकून खोलतो. घड्याळ पुढे पळायला लागलं तर घड्याळाची चाल कमी-जास्त करायची पट्टी किंचित सरकवली की काम होतं.

टिसॉटचं पॉवरमॅटिक ८० हे याच मशीनवरून पुढे आलंय. एकदा चावी भरली की ८० तास चालतं, पण त्यात ती पट्टी नसते. त्यामुळे गल्लीतल्या दुकानात ते उघडू देऊ नका, अधिकृत सर्व्हिसिंगलाच पाठवा. लाँजिन्सचं एल८८८ ईटीए फक्त लाँजिन्ससाठी बनवतं. त्याच्या आताच्या आवृत्तीत सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलला हलवणारी बारीक स्प्रिंग) असते, तिला मोबाइल-स्पीकरच्या चुंबकाचा त्रास होत नाही, आणि ते ७२ तास चालतं. जादा पैसे जातात ते यासाठी, शिवाय केस आणि डायलच्या फिनिशिंगसाठी. टिसॉटच्याही काही मॉडेलमध्ये सिलिकॉन स्प्रिंग येते, ते नक्की विचारा. मी तसं सिलिकॉनवालं टिसॉटच घेईन आणि उरलेल्या पैशातून फेवर ल्युबा नीट करून घेईन.

कारण ते घड्याळ सोडून देण्यासारखं नाही. या कंपनीचा धंदा १७३७ पासूनचा. २०११ मध्ये टायटनने ती घेतली आणि २०२३ मध्ये ती घड्याळं विकणाऱ्या इथॉस या भारतीय कंपनीकडे गेली, म्हणजे नाव आज भारतीय मालकाकडेच आहे. तरी नव्या मालकाकडे जुन्या मशीनचे सुटे भाग असतील, असं धरून चालू नका. हरभट रोडला किंवा गणपती पेठेत चावीची घड्याळं करणारा जुना कारागीर गाठा. फक्त तेलपाणी आणि साफसफाई करायला सांगा. डायलला नवा रंग अजिबात मारू देऊ नका, घड्याळाची सगळी किंमत तिथेच जाते.

नवं घड्याळ सांगलीत घ्या नाहीतर कोल्हापुरात, पैसे देण्याआधी वॉरंटी कार्डावर तारीख आणि डीलरचा शिक्का तपासा, आणि सर्व्हिसिंगला घड्याळ कुठे पाठवतात ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.