लंडन ते पॅरिस अंतर किती आणि विमानाने किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण 345 किलोमीटर. रस्त्याने, इंग्लिश खाडीखालचा बोगदा धरून, 460 च्या आसपास.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाला थेट विमानाचा वेळ सुमारे सव्वा तास दाखवतात. प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी, बाकीचा वेळ धावपट्टीवर जातो. तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नका. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे सकाळी 9 ला निघालेलं विमान तिथल्या सव्वादहाला नाही, सव्वाअकराला पोचतं. परतताना उलट, निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच पोचल्यासारखं दिसतं.

पण माझं ऐकाल तर विमान नकोच. हीथ्रो गाठायला मध्य लंडनहून मेट्रोने तासभर, तिथे दोन तास आधी हजर राहायचं, आणि शार्ल द गोल पॅरिसपासून 25 किलोमीटर बाहेर. घर ते हॉटेल पाच तास सहज जातात. युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून सुटते आणि सव्वादोन ते अडीच तासांत थेट पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकात, म्हणजे शहरातच उतरवते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनलाच, गाडीत बसण्याआधी होते. तिकीट मात्र लवकर काढा, शेवटच्या क्षणी फार महाग पडतं.

आणि भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, वेगळा लागतो. आधी ते बघा, मग तिकीट.