उसाच्या पानापासून कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) तयार करायला कोणतं संप्रेरक किती घालावं? माझ्या माध्यमात नुसतं बीएपी आहे, गाठी येत नाहीत.

२,४-डी घाला, लिटरला ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा आणि बीएपी सध्या काढून टाका. कॅलससाठी ऑक्सिन गटाचं संप्रेरक वरचढ लागतं, आणि २,४-डी त्याच गटातलं. बीएपी हे सायटोकायनिन गटातलं, त्याचं काम पुढे कोंब फुटताना. २,४-डी म्हणजे तेच, जे रुंद पानांच्या तणांवर फवारतात, पण इथे प्रयोगशाळेच्या प्रतीचंच वापरा. माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग, ऊतीसंवर्धनाचं नेहमीचं क्षारमिश्रण), साखर ३ टक्के, सामू ५.८ च्या आसपास. शेंड्याच्या आतली, अजून न उलगडलेली पांढरट पानं घ्या. हिरव्या उघड्या पानाचा तुकडा बहुधा नुसता तपकिरी पडतो. बरण्या अंधारात, २५ ते २७ अंशांवर ठेवा. तीन-चार आठवड्यांत कॅलस दिसायला हवा.

दिसला की सगळाच उचलू नका:

- पांढरट-पिवळसर, घट्ट, दाणेदार: हाच पुढच्या माध्यमावर न्या.
- पाणचट, मऊ, चिकट: यातून रोपं क्वचितच मिळतात, टाकून द्या.

तुकड्याभोवती माध्यम काळं पडत असेल तर तो तुकड्यातून झिरपणाऱ्या फिनॉल द्रव्यांचा त्रास. तुकडे लवकर नव्या माध्यमावर हलवा, थोडं ॲस्कॉर्बिक आम्लही चालतं. कोंब हवे झाले की २,४-डी पूर्ण बंद करून बरण्या उजेडात आणा.

मात्र वाणाची हुबेहूब रोपं हवी असतील तर हा रस्ताच नको. कॅलसमधून येणाऱ्या रोपांत जनुकीय बदल होतात, आणि २,४-डीवर तो जितका जुना होतो तितके ते वाढतात. हुबेहूब रोपांसाठी शेंड्याचं मेरिस्टेम (टोकाचा वाढणारा भाग) लावा.