गाडी मोडली तरी कर्ज उरतेच

भाऊ, कर्जावर घेतलेली गाडी अपघातात मोडली आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल, तर सर्वप्रथम एक गोष्ट पक्की समजून घ्या. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा समोरच्याचे नुकसान भरून देतो, तुमच्या गाडीचे नाही. आणि गाडी भंगारात गेली तरी कर्जाचा करार संपत नाही.

हप्ते मनाने बंद करू नका, ही सगळ्यांत मोठी चूक. दारव्हा रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आल्याने माझी गाडी गेली, तेव्हा गोठ्याशेजारी उभा असलेला, काच फुटलेला तो सांगाडा पाहून मी तीन महिने हप्ता भरला नाही, आणि दंडव्याज चढून सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाची, नोंदही बिघडली. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या, उरलेल्या मुद्दलाचा आकडा लेखी मागा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा; सोयाबीन-कापसाचे पैसे केव्हा येतात, हेही त्यात लिहा.

दुसरी चूक म्हणजे भंगारवाल्याला घाईने गाडी देणे. आरसी बुकावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय ती विकू नका. गाडी कायमची निकामी झाल्याचे आरटीओला 14 दिवसांत कळवावे लागते.

चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर पोलीस पंचनाम्याची प्रत आणि फोटो जपून ठेवा. त्या वाहनाच्या विम्याकडून भरपाई मागण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा.

वसुलीवाले सकाळी 8 पूर्वी किंवा सायंकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, त्यामुळे घाबरून सावकाराकडे मात्र जाऊ नका.